पिन जाम का होते? जेसीबी-पोकलेनचे ग्रीसविना अडकलेले सांधे सोडवायचे कसे

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत अवजड यंत्रं दिसणं नवीन नाही. घुग्घुस, बल्लारपूर, सास्तीच्या कोळसा खाणी, गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने, एटापल्ली तालुक्यातली सुरजागडची लोहखनिज खाण. मोठ्या खाणींकडे स्वतःचं वर्कशॉप असतं, सर्व्हिस व्हॅन असते. पण याच दोन जिल्ह्यांत असे शेकडो मालक आहेत, ज्यांच्याकडे कर्जावर घेतलेली एकच मशीन आहे. उन्हाळ्यात तलावातला गाळ काढायचा, पावसाळ्यापूर्वी बांध-बंधारे करायचे, आणि त्यावर वर्षभराचे हप्ते भरायचे. मूल तालुक्यात माझ्या मावसभावाचंही असंच एक जेसीबी आहे. मे महिन्यात बकेटची पिन जाम झाली आणि मशीन आठ दिवस उभी राहिली, तर ते आठ दिवस पुन्हा मिळत नाहीत. पाऊस पडला की तलावात मशीन उतरतच नाही.

हा लेख अशा मालक-ऑपरेटरांसाठी आहे. सांधा जाम का होतो, तो कोणत्या क्रमाने सोडवायचा, आणि कुठे थांबून वर्कशॉपला फोन करायचा, हे आपण पाहू.

आधी नावांबद्दल

आपण ज्याला सरसकट 'जेसीबी' म्हणतो ते बॅकहो लोडर. हे नाव जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज उद्योजकाच्या आद्याक्षरांवरून आलं. त्यांनी १९४५ मध्ये कंपनी सुरू केली. 'पोकलेन' हे नाव पोक्लेन या फ्रेंच कंपनीचं. आज मशीन कोणत्याही कंपनीची असो, साखळीपट्ट्यावर चालणारं एक्स्कॅव्हेटर आपल्याकडे पोकलेनच. या लेखातली माहिती दोन्हींना लागू आहे, आणि लोडर, डंपर, ग्रेडर, ट्रॅक्टरची लोडर अटॅचमेंट यांच्या सांध्यांनाही.

सांधा म्हणजे काय?

बकेट आणि आर्म जिथे जोडलेले असतात तिथे तीन भाग असतात. मधोमध कडक केलेल्या पोलादाची पिन. तिच्याभोवती बुश, म्हणजे पोलादाची किंवा ब्राँझची नळी. आणि दोन्ही बाजूंना पिन धरून ठेवणारे बकेटचे जाड कान. पिन कानात फिरू नये म्हणून तिला बोल्ट किंवा लॉक प्लेट असते. फिरायचं ते फक्त पिन आणि बुश यांच्यामध्ये. ही फट अगदी कमी असते, केसाच्या जाडीच्या दोन-चार पट. ग्रीस याच फटीत पोहोचावं लागतं.

आता भार किती ते पाहा. २० टनी पोकलेनची बकेट पिन साधारण ८० मिमी व्यासाची असते. समजा तिच्यावर १४ टनांचा जोर आला आणि बुशची लांबी १० सेमी आहे. मग भार पेलणारं क्षेत्र ८ गुणिले १०, म्हणजे ८० चौरस सेमी. १४,००० किलो भागिले ८० म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १७५ किलो. ट्रकच्या टायरमधली हवा साधारण ७-८ किलो असते. म्हणजे टायरच्या वीसपटीहून जास्त दाब, आणि तोही हळूहळू मागे-पुढे हलणाऱ्या पिनवर.

'हळूहळू मागे-पुढे' हा मुद्दा महत्त्वाचा आहे. इंजिनचा क्रँकशाफ्ट वेगाने फिरतो, म्हणून तो स्वतःच तेल ओढून घेतो आणि तेलाच्या थरावर तरंगतो. बकेटची पिन कधी पूर्ण फेरा घेत नाही, आणि वेगही नाही. त्यामुळे तरंगणारा थर तयारच होत नाही. इथे धातू धातूला जवळजवळ टेकलेलाच असतो, आणि मध्ये जे काही पातळ आवरण असतं ते ग्रीसमधल्या रसायनांचं. गंधक-फॉस्फरसची संयुगं धातूच्या पृष्ठभागाशी अभिक्रिया करून संरक्षक थर बनवतात; 'ईपी' ग्रीस म्हणतात ते हेच. काळ्या ग्रीसमध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइड असतं, ज्याचे थर पत्त्यांच्या कॅटसारखे एकमेकांवरून घसरतात. हे आवरण संपलं की दोन धातू एकमेकांना चिकटून ओरखडे पाडू लागतात.

ग्रीस 'मरतं' म्हणजे काय होतं?

ग्रीस म्हणजे घट्ट तेल नाही. ते तेल आणि साबण यांचं मिश्रण आहे. हा आंघोळीचा साबण नव्हे. बहुतेक ग्रीसमध्ये लिथियमचा साबण असतो. साबणाच्या बारीक तंतूंच्या जाळीत तेल धरून ठेवलेलं असतं. घरातलं उदाहरण द्यायचं तर दही. दही नुसतं ठेवलं तरी वर पाणी सुटतं, आणि फडक्यात टांगलं तर पाणी निघून चक्का उरतो. ग्रीसचंही तसंच. उष्णता आणि दाबाने तेल हळूहळू सुटतं. हे थोडं सुटणं चांगलंच असतं, वंगणाचं काम तेच तेल करतं. पण नवं ग्रीस भरलं नाही तर शेवटी नुसता सुकलेला साबण उरतो. त्यात धूळ आणि लोखंडाचा चुरा मिसळला की ग्रीसच्या वाटेत सिमेंटसारखा बोळा बसतो.

इथून पुढे घसरण वेगाने होते. फट कोरडी पडली की पाणी शिरतं. पाणी शिरलं की गंज चढतो. आणि गंज ज्या लोखंडापासून बनतो त्याच्यापेक्षा दोन ते सहापट जागा व्यापतो. जिथे केसभर फट आहे तिथे ही वाढ पिनला चारी बाजूंनी आवळून धरते. चंद्रपूरच्या एका मिस्त्रींनी हे सगळं एका वाक्यात सांगितलं होतं: "भाऊ, पिन काही आपल्यानं जाम नाही होत. आपन तिले उपाशी ठेवतो."

आपल्याच भागात हे जास्त का होतं?

तीन कारणं आहेत आणि ती एकामागून एक येतात.

पहिलं, उन्हाळा. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. उन्हात उभ्या असलेल्या पोलादाचं तापमान त्याहून बरंच जास्त. ग्रीसमधलं तेल लवकर सुटतं आणि वाहून जातं. कामाचा सगळ्यात मोठा हंगामही नेमका हाच, म्हणून ग्रीसिंगसाठी मशीन थांबवायला कोणी तयार नसतं.

दुसरं, चिखल आणि धूळ. या भागातले माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आपले 'मामा तलाव', गाळाने भरलेले आहेत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेनंतर गाळाचं काम वाढलं. गाळात बारीक वाळू असते, आणि वाळूतलं सिलिका ब्राँझच काय, साध्या पोलादापेक्षाही कठीण असतं. लोहखनिजाच्या बाजूला काम असेल तर हेमेटाइटची लाल धूळ. ही दोन्ही ग्रीसमध्ये मिसळली की वंगणाचं पॉलिश पेपर होतं.

तिसरं, पावसाळा. जूनच्या मध्यापासून मशीन उभी. उन्हाळ्यात तेल गमावलेले कोरडे सांधे आता चार महिने ओलाव्यात, न हलता. दिवाळीनंतर चावी फिरवली की पिन बोलत नाही.

कळतं कसं?

अडचण अशी की ऑपरेटरला हे लवकर कळत नाही. हायड्रॉलिक सिलिंडरची ताकद इतकी असते की अर्धवट जाम सांधाही तो हलवतो. मग पिन बुशमध्ये फिरण्याऐवजी कानात फिरू लागते. पहिला बळी जातो लॉक बोल्टचा. तो तुटला आणि नवा टाकला, पुन्हा तुटला, तर बोल्टला दोष देऊ नका, सांधा तपासा. तसंच चालू ठेवलं तर कानाचं गोल भोक अंडाकृती होतं. मग वेल्डिंग भरून लाइन बोरिंग करावं लागतं, आणि तो खर्च नव्या पिन-बुशच्या कितीतरी पट असतो.

म्हणून ही लक्षणं पाहा: बकेट हलवताना किरकिर किंवा कुईं आवाज, सांध्याच्या कडेला लालसर भुकटी, पिनच्या टोकाजवळचा रंग तडकलेला, गन मारली तरी ग्रीस बाहेर न येणं, किंवा निप्पलच्या बाजूनेच परत येणं.

माझं रोजचं काम सॉफ्टवेअरमधले दोष शोधण्याचं आहे. तिथला नियम इथेही चालतो: एका वेळी एकच गोष्ट तपासा. ग्रीस जात नसेल तर क्रमाने पाहा.

१. गन ठीक आहे का? दुसऱ्या चांगल्या निप्पलवर मारून पाहा. गनमध्ये हवा अडकली असेल तरी ती मारत नाही.

२. निप्पल ठीक आहे का? निप्पलमध्ये स्प्रिंगवर बसलेली छोटी गोळी असते. ती चिखलाने अडकते. निप्पल काढून गनवर लावा आणि हवेत मारा. ग्रीस आलं नाही तर निप्पल बदला. चहा-नाश्त्याच्या पैशात काम झालं.

३. निप्पल नवं, तरी जात नाही? मग वाट बुजली आहे किंवा सांधा जाम आहे. सांधा हलतोय पण ग्रीस जात नाही, तर वाट. पिन कानात फिरतेय, तर सांधा.

सोडवण्याच्या पायऱ्या

कमी ताकदीच्या उपायापासून सुरुवात करायची आणि गरज असेल तरच पुढे जायचं. घण हा पहिला उपाय कधीच नाही.

*पायरी ० : मशीन सुरक्षित करा.* सपाट जागा, बकेट आणि आर्म जमिनीवर टेकवलेले, इंजिन बंद, चावी काम करणाऱ्याच्या खिशात. इंजिन बंद झाल्यावर लिव्हर सगळ्या दिशांना हलवून हायड्रॉलिकमधला उरलेला दाब सोडा. उचललेल्या आर्मखाली नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर जाऊ नका. खाली लाकडी ओंडके किंवा स्टँड पाहिजेच.

*पायरी १ : वाट मोकळी करा.* निप्पल काढा. भोकात तार किंवा हाताने फिरवलेलं छोटं ड्रिल बिट घालून सुकलेलं ग्रीस उकरून काढा. मग त्यात पेनिट्रेटिंग ऑइल भरा. ते नसेल तर डिझेल चालतं, फक्त वेळ जास्त लागतो.

*पायरी २ : थांबा.* बहुतेक जण इथेच घाई करतात. अरुंद फटीत तेल स्वतःहून शिरतं, वातीत तेल चढतं तसं. पण किती वेगाने? लुकास (१९१८) आणि वॉशबर्न (१९२१) यांनी याचं गणित मांडलं: तेल जितकं खोल जातं ते वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. सोप्या भाषेत, दुप्पट खोल जायला चौपट वेळ. पहिला १ सेमी जायला एक तास लागला असेल, तर ४ सेमीसाठी १६ तास. म्हणून संध्याकाळी भरा, रात्रभर राहू द्या, सकाळी पुन्हा भरा. मधून मधून कानावर हातोडीने हलके ठोके द्या. पिनवर नाही, कानावर. त्या कंपनाने गंजाला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते.

*पायरी ३ : भार काढा.* बकेटचं वजन पिनला एका बाजूला दाबून ठेवतं. त्या बाजूची फट शून्य असते, आणि ग्रीस सगळं समोरच्या मोकळ्या बाजूने निघून जातं. जॅक किंवा ओंडके लावून वजन असं पेला की पिन भोकाच्या मध्यावर येईल. मग ग्रीस मारा. थोडं गेलं की सांधा किंचित हलवा, जागा बदला, पुन्हा मारा. पण मशीन हलवताना गन लावून कोणी सांध्याजवळ उभं राहायचं नाही. आधी माणूस बाजूला, मग लिव्हर.

*पायरी ४ : दाब वाढवा.* इथे ठोकून चालवायचं एक साधन मिळतं. एक नळी, तिच्यात पातळ तेल, वर घट्ट बसणारा दांडा. नळी निप्पलवर लावायची आणि दांड्यावर हातोडी मारायची. दांड्याचा व्यास १० मिमी असेल तर क्षेत्र ०.७८५ चौरस सेमी. हातोडीने क्षणभर ५०० किलोचा जोर दिला तर आतला दाब सुमारे ६४० किलो दर चौरस सेंटिमीटर. असे झटके सुकलेला बोळा ढकलून देतात. डोळ्यांना गॉगल आवश्यक. ग्रीस गनच्या दांड्याला लांब पाइप लावून जोर वाढवण्याचा प्रकार मात्र करू नका; होज फुटतो.

*पायरी ५ : उष्णता.* पोलाद दर अंशाला दर मीटरमागे ०.०१२ मिमी प्रसरण पावतं. ८० मिमीचं भोक पिनपेक्षा १५० अंशांनी जास्त तापलं तर ते ०.१४४ मिमी मोठं होतं. गंजाची पकड सुटायला तेवढं बऱ्याचदा पुरतं. म्हणून आच बाहेरच्या भागाला, सगळीकडून सारखी आणि झटपट द्यायची, म्हणजे आतली पिन तुलनेने थंड राहील. लालभडक करायचं नाही. कडक केलेल्या पिन-बुशचा कडकपणा त्याआधीच उतरू लागतो. आच देण्याआधी निप्पल काढलेलं असलंच पाहिजे. बंद पोकळीतलं ग्रीस तापून वाफ झालं तर ते बंदुकीसारखं बाहेर येतं. सिलिंडरच्या टोकाचा सांधा असेल तर तिथे गॅस लावूच नका; आत तेल बंद असतं. आणि तापलेल्या भागावर पेनिट्रेटिंग स्प्रे किंवा डिझेल मारू नका, पेट घेतं. हात लावता येईल इतका थंड झाल्यावरच तेल भरा.

*पायरी ६ : पिन बाहेर काढणं.* एवढं करूनही हलत नसेल तर हायड्रॉलिक पुलर लागतो. तो सरळ रेषेत, हळूहळू वाढत जाणारा जोर देतो. बरेच जण दुसऱ्या मशीनच्या बकेटने पिनवर ठोके मारतात. कडक पोलादावर कडक पोलाद आपटलं की कपच्या गोळीसारख्या उडतात. हाताने ठोकायचंच असेल तर मध्ये पितळी किंवा तांब्याचा रॉड धरा, आणि तो पक्कडीने किंवा लांब चिमट्याने धरा. कान आधीच अंडाकृती झाला असेल किंवा पिन कापावी लागणार असेल, तर ते काम वर्कशॉपचं.

तीन धोके

*ग्रीस शरीरात घुसणं.* ग्रीस गन काहीशे किलोंचा दाब देते. होजला बारीक भोक पडलं आणि तिथे बोट आलं तर ग्रीस कातडीतून आत शिरतं. जखम सुई टोचल्याएवढी दिसते, रक्त येत नाही, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. आणि म्हणूनच माणूस कामाला लागतो. आत मात्र ग्रीस बोटातून तळहातापर्यंत पसरलेलं असतं. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट कापावं लागू शकतं. एटापल्ली-भामरागडसारख्या भागातून मोठ्या रुग्णालयापर्यंतचे तास मोजा. 'उद्या बघू' म्हणायचं नाही, लगेच निघायचं, आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं: दाबाने ग्रीस आत गेलं आहे. गळती शोधायला हात नाही, पुठ्ठा वापरा.

*जळलेले सील.* काही सील फ्लुओरोकार्बन रबरचे असतात. ते जळले तर हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होतं, जे कातडीतून हाडापर्यंत जातं. गॅस वापरलेल्या सांध्यातला काळा, चिकट अवशेष उघड्या हाताने खरवडू नका.

*वणवा.* उन्हाळ्यात जंगलात पाचोळा वाळलेला असतो आणि एक ठिणगी पुरते. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनात आग लावणं हा गुन्हाही आहे. जंगलालगत मशीन अडकली तर गॅसचं काम तिथे करूच नका. मशीन हलत असेल तर मोकळ्या जागी आणा. पाण्याची टाकी आणि अग्निशामक हाताशी ठेवा.

सुटल्यानंतर

सांधा सुटला म्हणजे काम संपलं असं नाही. आत भरलेलं डिझेल हे वंगण नव्हे. नवं ग्रीस इतकं मारा की जुनं काळं-लाल निघून स्वच्छ ग्रीस दोन्ही कडांनी दिसेल. एका दिवसाच्या कामानंतर पुन्हा मारा. पिन बाहेर काढली असेल तर नखाला लागणारे ओरखडे पाहा. लागत असतील तर पिन-बुश दोन्ही बदला.

ग्रीस कोणतं हे मशीनच्या पुस्तिकेत पाहा. साधारणपणे लिथियम किंवा लिथियम कॉम्प्लेक्स, ईपी, एनएलजीआय क्रमांक २, आणि जड सांध्यांसाठी मॉलिब्डेनमचं. सतत पाण्यात काम असेल तर कॅल्शियम सल्फोनेट ग्रीस जास्त टिकतं. ब्रँड बदलताना जुनं पूर्ण बाहेर काढा. वेगवेगळ्या साबणांची ग्रीस एकत्र आली की काही वेळा पातळ होऊन वाहतात किंवा घट्ट होऊन बसतात.

वेळापत्रक: बकेटकडचे सांधे दर ८ ते १० तासांनी, म्हणजे रोज. तलावात किंवा चिखलात काम असेल तर सकाळी नाही, संध्याकाळी काम संपल्या संपल्या. सांधा गरम असतो, ग्रीस सहज जातं, आणि आत शिरलेलं पाणी रात्रभर बसण्याआधी बाहेर ढकललं जातं. पावसाळ्यात मशीन उभी करण्यापूर्वी सगळे सांधे भरा, आणि आठवड्यातून एकदा दहा मिनिटं सुरू करून प्रत्येक सांधा हलवा.

ॲप सांगेल का?

नव्या मशीनमध्ये लाइव्हलिंक, कोमट्रॅक्ससारख्या यंत्रणा असतात. त्या मोबाइलवर तास, जागा, डिझेल आणि सर्व्हिसची आठवण दाखवतात. पण त्या तास मोजतात. हाताने मारलेलं ग्रीस पिनपर्यंत पोहोचलं का, हे त्यांना दिसत नाही. मोठ्या खाणींच्या मशीनवर ऑटो-लुब्रिकेशन असतं, त्यात एखादी वाट बुजली की इशारा मिळतो. एका मशीनच्या मालकाकडे मात्र सेन्सर एकच, ऑपरेटर. त्यामुळे ग्रीसिंगची पंधरा मिनिटं त्याच्या पगाराच्या वेळेत धरा. कंत्राटदार तासावर भाडं देतो म्हणून ती पंधरा मिनिटं वाचवली जातात, आणि मग मे महिन्यात आठ दिवस जातात.

पूर्वी बैलगाडीलाही वंगण लागायचं. गाडीवान लांबच्या प्रवासाला निघण्याआधी आसाला वंगण घालायचाच, त्याला कोणी आठवण करून द्यावी लागत नव्हती. चाकाचा आवाज सगळ्या गावाला ऐकू जायचा. हायड्रॉलिक मशीन ओरडत नाही, ती मुकाट्याने ओढत राहते. म्हणून आज संध्याकाळी मशीनभोवती एक फेरी मारा, प्रत्येक निप्पल पुसा, आणि ज्यातून ग्रीस जात नाही त्यावर खडूने खूण करा. दुरुस्तीची यादी तिथूनच सुरू होते.